नदीचं पान कुठे ठेवायचं

वडिलांना लकवा मारला म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून तापीकाठच्या प्रकाशा या माझ्या गावी परत आले, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. त्याच्या तीन महिने आधी माझा घटस्फोट झाला होता, आणि भाड्याच्या खोलीत रविवारची दुपार कशी काढायची हे मला उमगत नव्हतं. वडील पडले नसते तरी मी कुठेतरी गेलेच असते. आई मी कॉलेजात असतानाच वारली होती. भाऊ-बहीण नाही. तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो, आणि त्यातल्या एकाला नीट बोलता येत नव्हतं.

वडिलांची उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती. मोजके शब्द उरले होते, आणि पावसाळ्यात त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता, "कितल्या?"

किती पायऱ्या. आमच्या घरापासून तापीचा घाट चालत सात-आठ मिनिटांवर आहे. धडधाकट होते तोवर वडील पावसाळ्यात रोज सकाळी घाटावर जायचे, पाण्याबाहेर किती पायऱ्या आहेत ते मोजायचे आणि परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत यायचे. नदीकाठच्या शेतकऱ्यांना ते कळणं गरजेचं असतं. पावसानं उघडीप दिली की केळीला, पपईला पाणी लागतं, म्हणून लोक नदीत मोटारी सोडतात. वर कुठे जोराचा पाऊस झाला आणि नदी चढली, तर त्या वेळेत ओढून वर घ्याव्या लागतात. नाहीतर पाईप, केबल, मोटार सगळं वाहून जातं. सरकारी आकडे मिळतात, पण ते क्युसेकमध्ये. घाटाची कितवी पायरी, हे आमच्याकडच्या माणसाला लगेच कळतं.

तर वडील विचारायचे, "कितल्या?" आणि मी छत्री घेऊन घाटावर जायची. परत येऊन सांगायची, "नऊ." ते माझ्याकडे संशयानं बघायचे. मग म्हणायचे, "दखाड." दाखव.

म्हणून मी फोटो काढायला लागले. फोटो मोबाइलवर त्यांना नीट दिसत नसे, तेव्हा मी एक साधं पान बनवलं. वर फोटो, खाली उघड्या पायऱ्यांचा आकडा, पाणी चढतंय की उतरतंय ते दाखवणारा एक बाण. पुण्यात मी कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. त्या काळात शिकायला म्हणून इंटरनेटवर थोडी जागा भाड्यानं घेतलेली होती, ती तशीच पडून होती. तिथे ते पान ठेवलं आणि टॅब वडिलांच्या उशाशी उभा करून दिला. मी घाटावरून आकडा भरायची, घरी पलंगावर त्यांच्यासमोर तो बदलायचा. मी परत येईपर्यंत त्यांनी तो बघितलेला असे. मी दारात आले की ते डावा हात थोडा उचलायचे. दखं, म्हणजे बघितलं.

त्या वेबसाइटला तेव्हा एकच वाचक होता.

मग शेजारच्या काकांनी टॅबवर ते पान बघितलं आणि लिंक मागितली. त्यांनी ती आपल्या भाच्याला पाठवली, भाच्यानं ग्रुपवर टाकली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन्ही काठांच्या गावांत लोक त्याला 'पाण्याचं पान' म्हणायला लागले होते. मी पावसाळ्यात दिवसातून तीनदा आकडा भरू लागले. पानाच्या कोपऱ्यात मी एक छोटी खूण ठेवली होती, ती फक्त मला दिसायची : आत्ता पानावर किती जण आहेत.

तिसऱ्या हिवाळ्यात वडील गेले. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलं आणि मग एकेक करून सगळे आपापल्या गावी परतले. मी लोणखेड्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. सकाळी बसनं जायचं, दुपारी परत यायचं. कॉलेजात तेवढा वेळ बोलणं होई, पण ते की-बोर्ड आणि फाइली यांच्याविषयी. घरी आल्यावर दार उघडताना कुलपाचा जो आवाज होई तो घरातला दिवसातला पहिला आवाज असे.

जेवताना मी लॅपटॉप समोर उघडा ठेवायची. आत्ता पानावर : ४. कधी ६. उन्हाळ्यात नदी ढिम्म असते, बंधाऱ्यात अडलेलं पाणी तेवढंच राहतं, तेव्हा पान बघायचं कुणाला काहीच कारण नसे. तरी एखादा आकडा दिसायचा. १. काही वेळानं लक्षात यायचं की तो एक म्हणजे माझाच मोबाइल आहे, चुकून उघडा राहिलेला. हे सांगायला लाज वाटते, पण मी तो लगेच बंद करत नसे.

वेबसाइट बंद पडली ती त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये.

पंधरा दिवस पाऊस नव्हता. सगळ्यांनी मोटारी सोडल्या होत्या. त्या सकाळी सात वाजता मी अकरा पायऱ्या मोजल्या, बाण उतरता दाखवला आणि कॉलेजला गेले. वर धरणाच्या भागात रात्रभर पाऊस झालेला होता. दुपारी बाराच्या सुमारास पाणी सोडल्याची बातमी सगळीकडे पसरली. सगळ्यांनी एकाच वेळी पान उघडलं.

मी प्रयोगशाळेत होते. फोनवर पहिला मेसेज आला, मग दुसरा. मी पान उघडून बघितलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ : सेवा उपलब्ध नाही. मी आत शिरून काही करायचं म्हटलं तर मलाही आत घेत नव्हतं. थोड्या वेळानं ईमेल आली. तुमच्या खात्यानं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भार टाकल्यामुळे ते तात्पुरतं थांबवण्यात आलं आहे.

माझी जागा होती ती स्वस्तातली, सामायिक. म्हणजे एकाच मशिनवर शेकडो वेबसाइटी दाटीवाटीनं बसवलेल्या. त्यातल्या एकीवर गर्दी झाली की बाकीच्यांना त्रास नको म्हणून मालक तिलाच बाहेर काढतो. यात त्याची चूक नव्हती. मी इतकी वर्षं तिथे राहत होते आणि घराचे नियम कधी वाचले नव्हते.

मी उरलेले तास दुसऱ्या मॅडमना घ्यायला सांगितले आणि बस पकडली. घाटावर पोचले तेव्हा अडीच वाजले होते. चार पायऱ्या उघड्या होत्या. पाणी गढूळ, वेगात, मधोमध एक अख्खं बाभळीचं झाड फिरत चाललं होतं. माझ्या हातात आकडा होता आणि तो लिहायला जागा नव्हती. ज्या दोन ग्रुपमध्ये मी होते तिथे टाकला. तेवढ्यात फोन सुरू झाले.

"ताई, पान उघडत नही. कितलं शे पानी?"

"चार पायऱ्या. चढतंय. मोटार काढा."

"ताई, मी मामाना गावथून बोली ऱ्हायनू..."

"चार. नाही, आता तीन. लवकर काढा."

पाच वाजेपर्यंत हे चाललं. वर्षभरात मी जितक्या माणसांशी बोलले नव्हते तितक्यांशी त्या दुपारी बोलले. घसा बसला. घरी आल्यावर मी खुर्चीत बसले तेव्हा अंगात एक प्रकारचं समाधान होतं, आणि ते कशाचं आहे हे कळल्यावर मला स्वतःचा राग आला. मला ते आवाज आवडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन आला, पलीकडच्या काठावरच्या गावातून. वयस्क माणूस. आवाज शांत होता.

"मन्ह्या दोन्ही मोटरी गयात वं माय."

मी त्यांच्याकडे गेले. पुलावरून पलीकडे जायला रिक्षा मिळाली. ते शेताच्या टोकाला उभे होते. काठावर चिखलात दोन खुंट्या होत्या आणि एका खुंटीला दोराचं तुटकं टोक. नदी उतरली होती.

"तुन्हं पान मी दखं," ते म्हणाले. "अकरा पायऱ्या व्हत्यात. खाले जायाना बाण व्हता. मंग मी जेवाले बठनू."

त्यांच्या फोनमध्ये सकाळचंच पान राहून गेलं होतं. नवीन मिळत नव्हतं म्हणून फोननं जुनंच दाखवलं, आणि पानावर वेळ लिहिलेली होती ती इतक्या बारीक अक्षरात की मलाही ती शोधावी लागली असती.

"काका, मी..."

"मी तुले बोलत नही. तू फुकटमा करस, मले माहीत शे. पन तुन्हा बाप व्हता ना, तो हाक मारे. तेन्ही हाक आम्ही आयकूत." मग ते म्हणाले, "आते पानवर भरोसा शे."

त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी तो प्यायले. निघताना त्यांनी मला बांधापर्यंत सोडलं आणि चिखलातून जपून जा म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात मी नवीन जागा शोधायला बसले. वहीत वर लिहिलं : एकाच मिनिटात पाच हजार माणसं आली तर काय होईल? आणि हा एकच प्रश्न घेऊन मी एकेका होस्टिंग कंपनीशी, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्यानं देणाऱ्यांशी, बोलू लागले.

सगळीकडे 'अनलिमिटेड' लिहिलेलं होतं. जागा अनलिमिटेड, डेटा अनलिमिटेड. पण एकाच वेळी किती माणसं आत येऊ शकतात, हे कुठेच मोठ्या अक्षरात नव्हतं. ते खूप खाली, अटींमध्ये, दुसऱ्याच नावानं दिलेलं असे. एका कंपनीच्या विक्रीवाल्याचा फोन आला.

"मॅडम, आपला बिझनेस कोणता?"

"बिझनेस नाही. नदीचं पाणी."

"पाण्याचा प्लांट आहे का?"

"नाही. नदीचं पाणी किती चढलं ते सांगते."

त्यानं मला सगळ्यात मोठी योजना सुचवली. एक अख्खं मशिन, वर्षभरासाठी. मी म्हटलं, माझ्याकडे गर्दी वर्षातून सहा-सात दिवस असते, तीही काही तासच. बाकी वर्षभर इथे कुणी फिरकत नाही. त्याला वाटलं मी घासाघीस करतेय. मी फक्त खरं सांगत होते.

दुसरी कंपनी चांगली होती, पण तिची मशिन्स परदेशात होती. मी घाटावर जाऊन मोबाइलवर त्यांचं नमुन्याचं पान उघडून बघितलं. पूर असला की टॉवरचा जोर कमी होतो, तसा त्या दिवशीही कमीच होता. पान उघडायला इतका वेळ लागला की तेवढ्यात एखादा माणूस फोन खिशात टाकून निघून गेला असता. तिसरा प्रकार होता गर्दीप्रमाणे आपोआप मोठी होणारी जागा. ते ऐकायला छान वाटलं, पण बिल किती येणार ते पूर ओसरल्यावर कळणार. कॉलेजात विचारलं तर सहकारी म्हणाले, मॅडम, एवढं कशाला, ग्रुप काढा की सरळ. त्यांचंही चुकत नव्हतं. पण ग्रुपला माणसांची मर्यादा असते, आणि चार मेसेजनंतर पाचवा गुड मॉर्निंगचा येतो.

माझ्या ओळखीत हे काम खरोखर येणारा एकच माणूस होता. तो पूर्वी माझा नवरा होता.

तो एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. लग्नानंतर त्याचा फोन वाजला की तो जेवणावरून, सिनेमातून, एकदा तर माझ्या मावशीच्या मुलीच्या लग्नातून उठून लॅपटॉप घेऊन बसला होता. मी म्हणायची, ती मशिन्स तुला जास्त हाक मारतात. तो म्हणायचा, पडलंय गं, लोक अडकलेत. मला तेव्हा ते बहाणे वाटायचे. आमचं मोडलं ते एवढ्यावरूनच नाही, पण भांडणं सुरू व्हायची ती इथूनच. घटस्फोटानंतर आम्ही बोललो नव्हतो.

मी तीन दिवस मेसेज लिहिला आणि पुसला. रविवारी सकाळी अकराला सरळ फोन लावला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

"हो. नंबर आहे माझ्याकडे." मग, "सगळं ठीक?"

"ठीक. एक कामाचं विचारायचं होतं. सर्व्हरचं."

त्यानं श्वास सोडला ते मला ऐकू आलं. "बोल."

मी सगळं सांगितलं. घाट, पायऱ्या, मोटारी, ऑगस्टची दुपार. तो मध्ये बोलला नाही. तो असाच ऐकायचा, कामाचं असलं की.

"सगळ्यात जास्त गर्दी किती होती?"

"कळलं नाही. पान पडलं तेव्हा मोजणारंही पडलं."

"लॉग घेतलेस? कोण कधी आलं त्याच्या नोंदी?"

"घेतले."

"बरं केलंस. पान प्रत्येक माणसासाठी नव्यानं तयार होतं का?"

"हो. आकडा डेटाबेसमधून येतो."

"आकडा बदलतो किती वेळा?"

"दिवसातून तीनदा. पुरात अर्ध्या तासानं."

"मग तू आकडा भरशील तेव्हाच एकदा पान तयार करून ठेव, आणि येईल त्याला तेच दे. पाच हजार माणसांना पाच हजार वेळा तेच गणित कशाला करून देतेस? साधं तयार पान असेल तर छोटं मशिनही पुरतं. आणि पुढे वाटप करणारी सेवा लाव. ते ठिकठिकाणी पानाच्या प्रती ठेवतात, गर्दी तिथल्या तिथे निभावते."

"प्रती नकोत," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. "जुन्या प्रतीनंच घोळ झाला. त्या काकांच्या मोटारी गेल्या."



"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मग प्रतीला एक मिनिटाचंच आयुष्य दे. मिनिटानं ती फेकून नवीन आणायची. आणि वेळ आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात लिही. शिवाय पानातच एक तपासणी घाल. आकडा ठरावीक तासांपेक्षा जुना झाला की पानानं स्वतः लाल व्हायचं आणि सांगायचं, हा आकडा जुना आहे, विसंबू नका. इंटरनेट नसलं तरी फोन तेवढं करू शकतो."

मी लिहून घेत होते. माझ्या मनात आलं, हे इतकं साधं मला का सुचलं नाही. आणि लगेच मनात आलं, सुचलं असतं तर मी हा फोन केला नसता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मुंबईत माझं स्वतःचं एक मशिन आहे, निम्मं रिकामंच असतं. तिथे ठेव. पूर आला की मीही लक्ष ठेवीन."

मी स्वयंपाकघरात उभी होते. ओट्यावर भिजवलेली मठाची डाळ होती. मीही लक्ष ठेवीन, हे वाक्य मी नीट ऐकलं. नदी चढत असताना दुसरीकडे कुणीतरी जागं आहे, तेच पान बघतंय, ही कल्पना मला फार हवीशी वाटली. तेवढ्यात त्याच्या बाजूनं एका बाईचा आवाज आला, कोण आहे म्हणून. तो फोन जरा दूर धरून म्हणाला, "कामाचा फोन आहे."

तो खरंच कामाचाच फोन होता. मीच तसं सांगितलं होतं.

"नको," मी म्हटलं. "माझं मी घेते. तू फक्त काय घेऊ ते सांग."

त्यानं सांगितलं. किती मेमरी, काय टाळायचं, कुठली अट वाचायची. त्यानं आग्रह केला नाही. शेवटी म्हणाला, "बाबा कसे आहेत?"

"गेले. दीड वर्ष झालं."

"कळवलं नाहीस."

"नाही."

"मला दर फोनला विचारायचे ते," तो म्हणाला, "पुण्यात पाऊस शे का."

त्याच्या तोंडून आमच्या बोलीतला तो 'शे' ऐकून मी हसले. फोन ठेवल्यावर बघितलं तर एक्केचाळीस मिनिटं झाली होती. लग्नाच्या शेवटच्या वर्षात आम्ही एका विषयावर इतका वेळ कधी बोललो नव्हतो.

शेवटी दोन कंपन्या उरल्या. दोघांचीही मशिन्स मुंबईत होती. मी दोघांनाही पुढच्या रविवारी दुपारी एकच प्रश्न पाठवला : हे सगळ्यात छोटं मशिन माझ्या कामाला चालेल का? एकीकडून लगेच उत्तर आलं, आम्हाला निवडल्याबद्दल धन्यवाद. दुसरीकडून वीस मिनिटांनी आलं. तयार पानं देणार असाल तर चालेल, त्यावर डेटाबेस चालवू नका, पडेल. कुणीतरी माझा प्रश्न वाचला होता. मी ती दुसरी घेतली.

हलवाहलवीला चार दिवस लागले. पत्ता तोच ठेवायचा होता, फक्त त्या पत्त्यामागचं मशिन बदलायचं होतं. पण असा बदल सगळ्या देशाला एकदम कळत नाही. काहींचा फोन नव्या जागी जातो, काहींचा अजून जुन्या. माझ्याच दोन सिमकार्डांवर दोन वेगळी पानं दिसत होती. गर्दी ओसरल्यावर जुनी जागा पुन्हा सुरू झालेली होती, तेव्हा दोन दिवस मी दोन्हीकडे आकडा भरला.

मग परवानगी काढून एका सुटीच्या दिवशी लोणखेड्याच्या प्रयोगशाळेत गेले. भार तपासायचं सॉफ्टवेअर मी घरूनच चालवलं होतं, आकडे चांगले आले होते. तरी ते पान डोळ्यांसमोर उघडताना बघायचं होतं. मी चाळीस कॉम्प्युटर सुरू केले, सगळ्यांवर तेच पान लावलं, आणि ते पुन्हा पुन्हा उघडेल असं करून ठेवलं. चाळीस पडद्यांवर चाळीस घाट. मी रांगांमधून फिरत होते. पंखे चालू होते. कुठेच पान अडकलं नाही. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "मॅडम, पोरं येनार शेत का?" मी म्हटलं, नाही, मी एकटीच आहे. त्यांनी मान हलवली आणि ते किल्ल्या घेऊन बाहेर बाकावर बसले.

सप्टेंबरच्या शेवटी नदी पुन्हा चढली, आणि सुदैवानं सकाळीच. मी रजा टाकली आणि घाटाच्या वरच्या अंगाला, देवळाच्या ओसरीत, लॅपटॉप घेऊन बसले. आठ पायऱ्या. सात. साडेपाच. दर अर्ध्या तासानं आकडा. पानावरची माणसं शेकड्यांत होती, मग हजारांत गेली. अकराला तर तो आकडा मी कधी पाहिलाच नव्हता इतका झाला. मशिन शांत होतं. जणू काही घडतच नव्हतं.

फोनही शांत होता.

पहिला तास मला ते जाणवलं नाही. मग मी फोन उचलून बघितलं, रेंज होती. ग्रुपवर लोक माझ्याच पानाची लिंक एकमेकांना पाठवत होते. सगळ्यांना सगळं कळत होतं, तेव्हा मला विचारायचं कुणाला कारणच नव्हतं. मी इतक्या खटपटीनं नेमकं हेच मिळवलं होतं. ओसरीत एक ओला कुत्रा येऊन बसला. मी डब्यातली पोळी त्याला दिली आणि पुढचा आकडा भरला. साडेतीन.

दुपारी एकदाच फोन वाजला. पलीकडच्या काठावरचे काका.

"मोटर काढी लिधी," ते म्हणाले. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. त्यांनी नवीन एकच बसवली होती. "टाइम मोठा लिखेल शे ना आते, चष्मा बी लागत नही."

"बरं झालं काका."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथून उतरायला लागलं. संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या पूर्वीच्या नवऱ्याला मेसेज पाठवला. 'आज पूर होता. पान चाललं.' त्यानं अंगठा पाठवला. मी पुढे काहीतरी लिहायला घेतलं, कुत्र्याविषयी, ऑगस्टात वाहत गेलेल्या झाडाविषयी, बारा हजार माणसांविषयी. त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. फोन चार्जिंगला लावला आणि भात टाकला.

ऑक्टोबरमध्ये एकदा मी शहाद्याहून बसनं परत येत होते. शेजारी एक साठीची बाई होती. मांडीवर टोपली, टोपलीत सीताफळं. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि अंगठ्यानं हळूहळू सरकवत एक पान उघडलं. ते माझं पान होतं. सकाळी सातचा फोटो, मोठ्या अक्षरात वेळ. ती बराच वेळ बघत राहिली.

"पानी उतरी गयं," ती मला म्हणाली.

"हो का?" मी म्हटलं. मग राहवलं नाही. "हे कोण सांगतं, मावशी?"

"कोनी नही वं. मशीन शे तठे घाटवर. तेच मोजस नि तेच धाडस."

"मशीन?"

"हाओ. माना पोऱ्यानी सांगं. दिन-रात मोजस म्हने." तिनं फोन बंद केला. "तू कोठली?"

"प्रकाशाचीच."

"मंग तू दखं व्हई ना ती?"

बसमध्ये गर्दी नव्हती. सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं, नाव-गाव विचारलं असतं, कदाचित वडिलांना ओळखलंही असतं. मी तोंड उघडलं. पण ती इतक्या खात्रीनं बोलत होती, आणि एखादी बाई रोज तीनदा छत्री घेऊन जाते यापेक्षा मशीन हीच गोष्ट जास्त भरवशाची होती.

"हो," मी म्हटलं. "देवळाच्या बाजूला आहे. लहानशी."

तिचं समाधान झालं. मग तिनं मला तिच्या सुनेविषयी सांगितलं, गुडघ्याविषयी सांगितलं, या साली सीताफळं कशी लहान राहिली ते सांगितलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. माझा थांबा आला तेव्हा तिनं टोपलीत हात घालून, दोन-तीन फळं चाचपून, एक माझ्या हातात दिलं.

"आज नको खाऊस," ती म्हणाली. "कडक शे अजून."

मी ते घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवलं.